पाचवा ठिपका

ब्रेल नोटटेकर, म्हणजे ब्रेल ठिपक्यांनी वाचता-लिहिता येणारे अंधांसाठीचे छोटे यंत्र, घ्यावा का, असे मला कोणी विचारले की त्यामागून येणारे प्रश्न ठरलेले असतात. त्यात कोणत्या फाइली उघडतात, मराठी दिसते का, मोबाईलला जोडता येतो का, एवढीच चौकशी होते. यंत्राच्या अंगाविषयी, म्हणजे त्याचे ठिपके, कळा, बॅटरी आणि चार्जिंगची जागा यांविषयी, सहसा कोणी विचारत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी कारकून आहे. सभांची टिपणे घेणे, ठराव वाचून दाखवणे, सभासदांच्या खात्यांच्या नोंदी तपासणे ही कामे मी बोटांनी वाचून करते. या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की सॉफ्टवेअर जुने झाले तरी निभावून नेता येते, पण यंत्राच्या अंगात बिघाड झाला की अंध माणसाचे वाचणे-लिहिणेच थांबते, आणि आपल्या सीमाभागात ते पुन्हा केव्हा सुरू होईल हे कोणाच्याही हातात नसते. यंत्र देणाऱ्याने त्याच्या दुरुस्तीची सोयही त्याच वेळी दिली पाहिजे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

ज्यांनी हे यंत्र हाताळलेले नाही त्यांच्यासाठी आधी त्याची रचना सांगते. माझ्या यंत्रावर ३२ सेलची, म्हणजे ३२ अक्षरचिन्हांच्या जागांची, एक ओळ आहे. प्रत्येक सेलमध्ये आठ छिद्रे असतात, त्यांतून बारीक पिना वर येतात आणि त्याच आमच्या बोटाला ठिपके म्हणून लागतात. ब्रेलचे मूळचे ठिपके सहा: डावीकडे वरून खाली पहिला, दुसरा, तिसरा आणि उजवीकडे तसेच चौथा, पाचवा, सहावा. सातवा आणि आठवा ठिपका मुख्यतः कर्सर दाखवण्यासाठी उपयोगी पडतो. प्रत्येक पिनेखाली पिएझो सिरॅमिकची एक पातळ पट्टी आडवी बसवलेली असते. या पट्टीला सुमारे दोनशे व्होल्टचा दाब मिळाला की ती किंचित वाकते आणि पिनेला वर ढकलते. ठिपका वर येतो तो जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे एका ओळीसाठी २५६ पिना, २५६ पट्ट्या, आणि मोबाईलसारख्या छोट्या बॅटरीतून दोनशे व्होल्ट तयार करणारे एक सर्किट एवढा सरंजाम पुस्तकाएवढ्या डबीत भरलेला असतो. ठिपका वर धरून ठेवायला वीज जवळजवळ लागत नाही, त्यामुळे हे यंत्र एका चार्जिंगवर बराच वेळ चालते. ही रचना करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र रचना जितकी नाजूक, तितकी ती धूळ, घाम आणि ओलावा यांच्या तावडीत लवकर सापडते.

बोटांना तेलकटपणा असतोच. तो पिनेच्या कडेने आत उतरतो, त्याला धूळ चिकटते, आणि एखादी पिन वर यायची थांबते किंवा वर आली की खाली जायला तयार होत नाही. अडकलेली पिन वरच राहिली तर अक्षरात नसलेला ठिपका वाढतो. तिसरा ठिपका असा वर अडकला असेल तर त्या सेलमध्ये येणारा ‘अ’ हा ‘क’ लागतो, ‘ब’चा ‘ल’ होतो आणि ‘च’चा ‘म’. पिन खाली रुतली तर ठिपका कमी होतो. चौथा ठिपका उठला नाही की ‘प’ वाचताना ‘ल’ येतो आणि ‘म’ वाचताना ‘क’. शब्द ओळखीचा असेल तर वाचणारा संदर्भाने सावरून घेतो. ‘पाणी’च्या जागी ‘लाणी’ आले तर बोट थबकते आणि मन दुरुस्ती करते. वाचनाचा वेग मात्र मोडतो, आणि दिवसभर असे सावरत वाचले की संध्याकाळपर्यंत डोके जड होते.

आकड्यांच्या बाबतीत हे सावरणे शक्यच नसते. ब्रेलमध्ये अंकांसाठी आधी अंकचिन्ह येते आणि पुढे ठरावीक दहा आकृत्या येतात. आता ओळीतल्या एखाद्या सेलमधला फक्त पाचवा ठिपका मेला आहे असे धरू. त्या जागी ० आला तर तो ९ लागतो, ४ चा ३ होतो, ५ चा १, ७ चा ६ आणि ८ चा २. दहांपैकी पाच अंक बदलतात आणि बदलून पुन्हा एक चोख, वाचनीय अंकच उभा राहतो. बोटाला खटकावे असे त्यात काहीच नसते. उरलेल्या पाच अंकांत, म्हणजे १, २, ३, ६ आणि ९ मध्ये, पाचवा ठिपका मुळातच नसल्यामुळे ते बरोबर येतात, आणि म्हणूनच तो सेल निर्दोष असल्याचा विश्वास बसतो. माझ्या यंत्रात नेमके हेच झाले. एका सभेआधी कर्जमंजुरीचे ठराव कानात यंत्राचा वाचून दाखवणारा आवाज लावून तपासत होते, तेव्हा आवाज अठ्ठेचाळीस हजार म्हणत होता आणि बोटाखाली बेचाळीस हजार येत होते. रजिस्टरमध्ये अठ्ठेचाळीसच होते. ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा टाकून तोच आकडा एक सेल पुढे सरकवला तेव्हा तो बरोबर वाचता आला, आणि बिघाड फाइलीत नसून सेलमध्ये आहे हे नक्की झाले. पतसंस्थेच्या कामात सहा हजारांचा फरक काय करू शकतो हे सांगायची गरज नाही. त्या सभासदाने मंजूर रकमेवर बियाणे, खत, मुलीची फी यांचा हिशेब घरी मांडून ठेवलेला असतो.

तेव्हापासून सकाळी काम सुरू करण्याआधी मी पूर्ण ओळभर सहाही ठिपक्यांचे चिन्ह भरते आणि तर्जनी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवते. मग ओळ कोरी करते आणि पुन्हा बोट फिरवते. पहिल्या फेरीत खाली रुतलेल्या पिना कळतात आणि दुसऱ्या फेरीत वर अडकलेल्या. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. ब्रेल शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडावी असे मला वाटते.

कळांची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. तिथे वाचण्याऐवजी लिहिणे बिघडते. या यंत्रांवर पर्किन्स पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एक अशा, सहा कळा आणि एक स्पेसची पट्टी असते. अक्षराचे सगळे ठिपके एकाच वेळी दाबून एकाच वेळी सोडायचे असतात. एका कळेचा संपर्क झिजला की ती कधी उमटते, कधी उमटत नाही. पाचवी कळ अशी कमजोर झाली तर ‘दर’ लिहिताना ‘चल’ उमटते, आणि ‘हात’ लिहिला तर ‘बैस’. हे मी गमतीने जुळवलेले नाही. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, ‘ह’, ‘आ’ आणि ‘त’ या तिन्हींत पाचवा ठिपका आहे आणि तो काढला की अनुक्रमे ‘ब’, ‘ऐ’ आणि ‘स’ उरतात. अंक लिहिताना मात्र ही कळ उमटली नाही तर अंकचिन्हच मोडते आणि चूक लगेच हाताला लागते. स्पेसची पट्टी एका बाजूने झिजली की शब्द एकमेकांना चिकटू लागतात, आणि सभेत माणसे भराभर बोलत असताना मागे जाऊन ते सोडवत बसायला वेळ नसतो.

आपल्या भागातली हवाही या यंत्राला मानवत नाही. खानापूरपासून पश्चिमेला जांबोटीकडे, मलप्रभेच्या उगमाच्या कणकुंबीकडे जसजसे जावे तसतसा पाऊस वाढत जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरातले कपडे आठवडाभर दमट राहतात. दोनशे व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला असा ओलावा सोसत नाही. विजेची बारीक गळती सुरू होते, दाब पुरेसा पोहोचत नाही, आणि सकाळी ठिपके मऊ लागतात, म्हणजे उठतात पण बोटाच्या वजनाने दबतात. यंत्र थोडा वेळ कोरड्या उबेत ठेवल्यावर ते पुन्हा ताठ होतात. म्हणून पावसाळ्यात मी ते सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवते आणि बाहेरून भिजून आल्यावर हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय त्याला स्पर्श करत नाही. निपाणीच्या बाजूला तंबाखूची धूळ हा वेगळाच त्रास आहे. तिथे राहणारी माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे, आणि तिच्या डिस्प्लेच्या, म्हणजे ठिपक्यांच्या ओळीच्या, पिना माझ्यापेक्षा फार लवकर जाम होतात. तंबाखूचे बारीक कण मुळात चिकट असतात आणि घामाशी मिसळले की ते पिनेला धरून बसतात. साफसफाईसाठी धागे न सुटणारे कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करून वरून हलकेच फिरवणे एवढेच घरी करता येते, आणि तेही यंत्राच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तरच. द्रव थेट ओतला तर तो पट्ट्यांपर्यंत उतरतो. सुईने पिन उचकण्याचा मोह कितीही झाला तरी आवरावा. पिनेचे टोक खरडले गेले की ते बोटाला कायमचे टोचत राहते.

बॅटरी आणि चार्जिंगची जागा याबद्दल थोडक्यात. लिथियम बॅटरी काही वर्षांत थकते, कधी फुगते, आणि अनेक यंत्रांत ती आत बंद असल्यामुळे घरी बदलता येत नाही. जुन्या पिढीतल्या काही नोटटेकरांत टिपणे अशा स्मृतीत ठेवली जात की बॅटरी पूर्ण संपली की तीही पुसली जात. आता मेमरी कार्ड असल्याने ती भीती बरीच कमी झाली आहे, तरी गावाकडची वीज तासन्‌तास गेलेली असताना चार्जचा टक्का ऐकण्याची सवय सुटत नाही. चार्जिंगचे छोटे मायक्रो यूएसबी छिद्र हा सगळ्यात दुबळा भाग. त्यात पिन एकाच बाजूने बसते, आम्ही ती चाचपडत लावतो, आणि रोजच्या चाचपडण्याने आतले जोड ढिले होतात. मी छिद्राच्या वरच्या कडेला ठिपक्याचा एक छोटा चिकटवा लावून घेतला आहे आणि वायरीच्या पिनेलाही वरच्या बाजूस तसाच. दोन्ही ठिपके एका रेषेत आले की पिन आपोआप बरोबर जाते. ज्यांना नवे यंत्र घ्यायचे आहे त्यांनी दोन्ही बाजूंनी बसणारे टाइप-सी छिद्र असलेलेच घ्यावे.

एवढे सगळे सोसण्यापेक्षा मोबाईल का वापरत नाही, हा प्रश्न मला कार्यालयात नेहमी ऐकावा लागतो. “अक्का, मोबाईल हाय की तुमच्याकडं, त्यात बोलून घ्या की,” असे माझे सहकारी प्रेमाने सांगतात. मोबाईल मी वापरते आणि त्याचे उपकारही मानते. पण ऐकणे आणि वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ऐकताना ‘शिंदे’ आणि ‘शिंधे’ यांतला फरक निसटतो, ऱ्हस्व-दीर्घ निसटते, नावाची आद्याक्षरे निसटतात. बोटाखाली ती प्रत्येक गोष्ट स्वतंत्र उभी असते. सभेत एका कानाने अध्यक्षांचे बोलणे ऐकायचे आणि दुसऱ्या कानाने यंत्राचा आवाज ऐकायचा, यात दोन्हींपैकी एक सुटतेच. शिवाय ठराव वाचून दाखवताना मला माझ्याच आवाजात, माझ्याच गतीने वाचायचे असते, आणि त्यासाठी मजकूर बोटाखालीच हवा. डोळस माणसाला कागद काढून घेऊन सगळे कानाने कर असे कोणी सांगत नाही. आम्हालाही ते सांगितले जाऊ नये.

आपल्या सीमाभागात या यंत्राचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारली गेली तेव्हा भारतीय भाषांतल्या समान ध्वनींना समान ठिपके देण्यात आले. त्यामुळे ‘क’ मराठीत पहिला आणि तिसरा ठिपका, तसा तो कन्नडमध्येही तोच. ‘ळ’ दोन्ही भाषांत चौथा, पाचवा आणि सहावा. कन्नडमधल्या ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ यांसारख्या थोड्या गोष्टी नव्याने शिकल्या की माझ्यासारखी मराठी शाळेत ब्रेल शिकलेली व्यक्ती कन्नड परिपत्रक बोटांनी वाचू लागते. डोळस माणसाला दुसरी लिपी आधी ओळखायला शिकावी लागते, ती अडचण आम्हाला नाही. यंत्रात भाषेची सारणी, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणते ठिपके याची यादी, बदलली की त्याच ओळीवर सकाळी मराठी ठराव आणि दुपारी सरकारी कन्नड पत्र वाचता येते. अर्थ समजायला भाषा यावी लागते हे खरे, पण अक्षरांशी झगडावे लागत नाही. दोन भाषांत कागद फिरणाऱ्या जिल्ह्यात अंध कर्मचाऱ्याला यापेक्षा उपयोगी साधन मला माहीत नाही.

आणि तेच साधन बिघडले की काय होते ते पाहा. माझ्या यंत्राचा सेल बदलायचा होता. विक्रेत्याने यंत्र पाठवून द्या असे सांगितले. बेळगावहून बंगळूर आणि मुंबई ही दोन्ही शहरे पाचशे किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि तिथून ते पुढे परदेशी जाणार की नाही हे यंत्र पोहोचल्यावरच ठरणार होते. आत लिथियम बॅटरी असल्याने कुरिअरवाले कुरकुर करतात. खर्चाचा अंदाज आधी मिळत नाही, बदली यंत्र मिळत नाही, आणि दरम्यान मी पुन्हा ब्रेलची पाटी आणि कागदावर ठिपके टोचायच्या स्टायलसवर आले. पाटीवर मी लिहिते ते उजवीकडून डावीकडे, कागद उलटून मग वाचते. शाळेत हीच माझी पहिली वही होती आणि तिच्याविषयी मला आजही ममता आहे. पण पाटीवर लिहिलेला ठराव दुरुस्त करता येत नाही, शोधता येत नाही आणि डोळस सहकाऱ्याला छापूनही देता येत नाही.

या बाबतीत मला पर्किन्स ब्रेलरची आठवण होते. अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेत डेव्हिड अब्राहम यांनी रचलेले हे टंकयंत्र भारती ब्रेल आली त्याच वर्षी, १९५१ मध्ये, बाजारात आले. ते जवळपास पाच किलो वजनाचे, पूर्ण यांत्रिक आणि कणखर आहे. आमच्या शाळेतल्या एका पर्किन्सची तुटलेली कळ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात जोडून आणल्याचे मला आठवते. उद्यमबागेत ओतकाम आणि लेथकामाची अशी हुशार माणसे आहेत की धातूचा भाग हातात दिला तर ते तसाच दुसरा करून देतील. पण माझ्या नोटटेकरचा आराखडा कोणाकडे नाही, सुटे सेल विकत मिळत नाहीत, आणि कवच उघडले तर हमी संपते. कसब जवळ असूनही यंत्र पाचशे किलोमीटर पाठवावे लागते ते केवळ यामुळे.

किमतीचा विचार केल्याशिवाय ही अडचण पुरती समजणार नाही. पिएझोचे सेल महाग असतात आणि डिस्प्लेच्या किमतीचा मोठा भाग त्यांचाच असतो. ३२ किंवा ४० सेलचे नोटटेकर लाखांत जातात. वेगवेगळ्या देशांतल्या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन स्वस्त डिस्प्लेसाठी प्रयत्न केले आणि त्यातून ऑर्बिट रीडर २० हे वीस सेलचे यंत्र आले. त्यात पिएझो पट्ट्यांऐवजी वेगळी यांत्रिक रचना आहे. ओळ बदलायला त्याला थोडा जास्त वेळ लागतो आणि आवाजही येतो, पण उठलेला ठिपका बोटाखाली घट्ट राहतो, आणि किंमत खाली येऊ शकते हे त्याने सिद्ध केले. शाळकरी मुलांसाठी मला हा मार्ग योग्य वाटतो. तरीही किंमत उतरली म्हणून दुरुस्तीचा प्रश्न सुटत नाही. उलट यंत्रे जास्त हातांत गेली की तो जास्त घरांत जातो.

अपंग व्यक्तींना साधने देणारी केंद्र सरकारची एडीआयपी योजना १९८१ पासून चालू आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने साधनांचा विषय हक्काच्या भाषेत मांडला आहे. माझी मागणी याच चौकटीत बसते. ब्रेल यंत्र खरेदी करताना सरकारने आणि देणगीदार संस्थांनी निविदेतच लिहून घ्यावे की सेल सुटा विकत मिळेल, त्याची किंमत जाहीर असेल, बॅटरी चार स्क्रू काढून बदलता येईल आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका यंत्रासोबत येईल. प्रत्येक जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेल्या एका तंत्रज्ञाला सेल बदलण्याचे प्रशिक्षण मिळावे. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाला ते अवघड जाणार नाही. वापरणाऱ्यांनी आपल्या बाजूने तक्रार नेमकी लिहावी. ‘ठिपके नीट लागत नाहीत’ असे कळवले तर पूर्ण यंत्र मागवले जाते. ‘अकराव्या सेलचा पाचवा ठिपका उठत नाही, बाकी ओळ ठीक आहे’ असे कळवले तर निदान कोणता भाग लागणार हे आधी ठरवता येते.

आणि दुरुस्ती होईपर्यंत वापरायला बेळगावात काही बदली यंत्रे असावीत. त्यांत मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही सारण्या आधीच भरलेल्या असाव्यात, आणि आपले मेमरी कार्ड काढून त्यात घातले की काम सुरू व्हावे. अथणीचा विद्यार्थी परीक्षेच्या आधी, निपाणीची शिक्षिका शाळा सुरू असताना आणि खानापूरची कारकून मार्चअखेरीला यंत्रावाचून राहू नये, एवढ्यासाठी लागणारी यंत्रे फार नाहीत. ती कोणत्या कार्यालयात ठेवावीत, उसनी देण्याचे नियम काय असावेत याचा मसुदा मी मराठीत आणि कन्नडमध्ये तयार करत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या ब्रेलवाचकांकडे असे यंत्र आहे त्यांनी आपल्या यंत्राचा कोणता भाग कधी बिघडला आणि दुरुस्तीला किती काळ गेला हे मला कळवावे. अर्जासोबत जोडायला तीच माहिती हवी आहे.